फाइलचे नाव आणि स्थान : यूनिक्सपासून एआय एजंटपर्यंतचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
संगणकावरील फाइलचे नाव बदलणे किंवा ती एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविणे ही अत्यंत किरकोळ कृती समजली जाते. आज ही कृती क्लाउड साठवणुकीत घडते आणि ती एआय एजंटकडे सोपविण्याची प्रथाही रूढ होऊ लागली आहे. ‘सर्व अहवाल वर्षनिहाय लावून ठेव’ एवढी सूचना एजंटला पुरते. तथापि या किरकोळ कृतीलाही इतिहास आहे. फाइलचे नाव आणि तिच्यातील मजकूर यांचे नाते काळानुरूप बदलत गेले. त्याबरोबरच फाइल सुरक्षित राहील याची हमी कोणी द्यावयाची, हेही बदलत गेले. प्रस्तुत लेखात या दुहेरी बदलाचा आढावा घेतला आहे.

नाव आणि मजकूर यांची फारकत :
मल्टिक्स प्रणालीसाठी डेली व न्यूमन यांनी १९६५ मध्ये फोल्डरमध्ये फोल्डर असलेल्या श्रेणीबद्ध रचनेची मांडणी केली. पुढे रिची व थॉम्पसन यांनी १९७४ च्या शोधनिबंधात यूनिक्सच्या फाइलव्यवस्थेचे वर्णन केले. या व्यवस्थेत फोल्डर म्हणजे नावे व क्रमांक यांची यादी असते. क्रमांकावरून ‘आयनोड’ सापडतो आणि त्यात फाइलचा आकार, मालकी व डिस्कवरील जागा यांची नोंद असते. नाव मात्र नसते. त्यामुळे नाव बदलताना मजकुराला हातही लागत नाही, केवळ यादीतील नोंद बदलते. आरंभी यासाठी नवा दुवा जोडणे व जुना काढणे अशी दोन पावले टाकावी लागत. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीत नामांतराची स्वतंत्र आज्ञा आली आणि हे काम एकसंध झाले. हमी देणारी होती ती खुद्द कार्यप्रणाली.

क्लाउडमधील नामांतर :
१४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉनची ‘एस-३’ ही साठवणूक सेवा सुरू झाली. प्रचंड प्रमाणावर साठवण शक्य व्हावी म्हणून तिने श्रेणीबद्ध रचना सोडून दिली. येथे फोल्डर हा केवळ भास असतो. तिरपी रेघ हाही नावाचाच भाग असतो. नाव हाच पत्ता असल्यामुळे नाव बदलणे म्हणजे नव्या नावाने प्रत करणे व जुनी वस्तू पुसणे. हजार फाइलींच्या फोल्डरचे नाव बदलायचे तर हजार प्रती कराव्या लागतात. काम मध्येच थांबले तर अर्ध्या फाइली नव्या नावाने व अर्ध्या जुन्या नावाने उरतात. शिवाय नव्या प्रतीवर बदलाची तारीख नवी पडते आणि आधीच्या आवृत्त्या जुन्या नावापाशीच राहतात. नामांतर स्वस्त व एकसंध असते, असे गृहीत धरणाऱ्या हडूप प्रणालीला यामुळे २०१८ मध्ये वेगळी यंत्रणा आणावी लागली. जून २०२५ मध्ये एस-३ च्या एका विशिष्ट प्रकारात एकसंध नामांतराची सोय आली. म्हणजे जे सोडले होते तेच अंशतः परत आणावे लागले.

२०१२ मध्ये आलेल्या गूगल ड्राइव्हचा मार्ग वेगळा आहे. तेथे फाइलची ओळख स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाने होते. म्हणून एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असू शकतात. नाव बदलणे तेथे निर्धोक असते; परंतु फाइल हलविली की नव्या फोल्डरचे परवाने तिला लागू होतात. साहजिकच स्थलांतर हा अधिकारांतील बदलही ठरतो.

एजंटचे आगमन :
नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर झाला व एजंटला साधने जोडण्याची सामाईक पद्धत उपलब्ध झाली. भाषिक प्रारूप फाइलला स्वतः स्पर्श करीत नाही. साधनाचे नाव व वर्णन वाचून ते विनंती करते आणि साधनामागील प्रोग्रॅम ती अमलात आणतो. ‘हलव’ हा शब्द एकच असला तरी त्यामागे नोंदीतील बदल, प्रत करून पुसणे किंवा परवान्यांतील बदल यांपैकी काहीही घडू शकते. मार्च २०२५ च्या आवृत्तीत ‘हे साधन विध्वंसक आहे काय’ हे सांगणाऱ्या खुणांची तरतूद झाली. परंतु त्या केवळ सूचक आहेत, असे नियमावलीतच नमूद आहे. हा धोका काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये स्थानिक संगणकावरील एका घटनेचे वृत्त आले. तेथे नवे फोल्डर तयारच झाले नव्हते. ते झाले असे समजून एजंट फाइली हलवीत राहिला. प्रत्येक फाइल त्याच एका नावाने आधीच्या फाइलवर लिहिली गेली आणि मजकूर नष्ट झाला.

निष्कर्ष :
नामांतराच्या सुरक्षिततेची हमी प्रथम कार्यप्रणालीकडे होती. सर्वसाधारण क्लाउड साठवणुकीत ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे आली आणि आता ती साधन घडविणारा व परवानगी देणारा यांच्यात विभागली गेली आहे. म्हणून गुणपत्रके, सभावृत्तांत व संशोधनसामग्री क्लाउडवर ठेवणाऱ्या महाविद्यालयांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. कृतीपूर्वी जुन्या-नव्या नावांची यादी तपासून संमती द्यावी. त्या नावाची फाइल आधीच असल्यास काम थांबावे. प्रत पडताळल्याखेरीज मूळ फाइल पुसू नये. आणि नामांतराची नोंदवही कायम जतन करावी. फाइल नष्ट झाली तर तिची उणीव कधीतरी जाणवते. नोंदीविना नाव बदललेली फाइल मात्र जागेवर असूनही दप्तराला हरवलेलीच असते.