दयेकडून हक्काकडे

१८३७ सालीं इंग्लंडांत एका खाटकाची गाडी अति ओझ्यानें मोडली व नोकराची मांडी मोडली. न्यायालयानें धन्यास जबाबदार धरलें नाहीं. नोकरीबरोबर धोकाहि पत्करला, असें मानलें गेलें. हिंदुस्थानांत १८५५ च्या कायद्यानें मृताची पत्नी, मुलें व आईबाप यांस भरपाईचा दावा खुला झाला. पण दुसऱ्याची चूक त्यांनींच सिद्ध करावयाची होती. यंत्रांत हात गमावलेल्या मजुरानें वकील कोठून आणावा? १९२३ चा कामगार-नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. कारखाने, खाणी, रेल्वे येथील मजुरानें काम करतांना कामामुळें इजा झाली एवढें दाखविलें, कीं मालकाची चूक शोधण्याचें सहसा कारण उरलें नाहीं. रक्कम इजेच्या व वेतनाच्या मानानें ठरे. तंटा कमिशनर तोडी. तुटलेला हात परत आला नाहीं. पण हातावर पोट असलेल्या घरास धन्याच्या दयेखेरीज आधार मिळाला.