मोन्फ्वीची चतुःसीमा

जुन्या खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत. अशी चतुःसीमा केवळ तोंडी सांगितली आणि ऐंशी वर्षांनी ती कायद्यात उतरली, याचे उदाहरण मला कॅनडाच्या वायव्य प्रदेशाच्या इतिहासात मिळाले.

ग्रेट स्लेव्ह आणि ग्रेट बेअर या दोन सरोवरांमधल्या मुलखात त्लिचो लोक राहतात. इंग्रजांनी त्यांना आणि त्यांच्या भाषेला ‘डॉगरिब’, म्हणजे कुत्र्याची बरगडी, म्हटले. 1921 च्या उन्हाळ्यात फोर्ट रे येथे सरकारशी करार करताना त्यांचे मुखिया मोन्फ्वी यांनी आपल्या वावराची हद्द सांगितली, ती ठिकाणांची नावे घेत. करारपत्रात मात्र जमीन सोडून दिल्याची भाषा आली. नावे उरली ती म्हाताऱ्यांच्या तोंडी. 2003 साली नवा करार झाला तेव्हा तीच हद्द, तिच्या त्लिचो नावासह, मान्य झाली आणि तिच्या आतली सुमारे 39,000 चौरस किलोमीटर जमीन खनिजांसकट त्यांच्या मालकीची ठरली. 4 ऑगस्ट 2005 रोजी करार लागू झाला. त्याच दिवशी रे-एड्झो गावाचे नाव बेहचोको झाले.

‘ती’ म्हणजे पाणी, तळे. गामेती हे सशाच्या जाळ्याचे तळे. अशा नावात तिथे काय मिळते तेही कळते. माझ्या मते ही नावे म्हणजे त्यांचा सातबाराच.

लिपी रोमन आहे. नाकातला स्वर दाखवायला अक्षराखाली शेपटी येते. आपण 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. तिथे मात्र शेपटी गाळली की उच्चारच बदलतो.

मुलांना दूरच्या वसतिशाळांत नेऊन इंग्रजी लादली गेली, त्याचा घाव मोठा होता. 1970 च्या दशकात गावात स्वतःची शाळा आली, 1996 मध्ये शब्दकोश निघाला. प्रदेशाच्या अकरा राजभाषांत तिला स्थान आहे. तरी 2016 च्या जनगणनेत ती मातृभाषा असलेले सतराशेच्या आसपास. राजभाषेच्या दर्जापेक्षा मला दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. 1995 पासून उन्हाळी मेळाव्याला जाताना वडीलधारे तरुणांना होड्यांतून जुन्या वाटांनी नेतात. वाटेत मुक्काम पडतात, जाळी लागतात आणि त्या त्या जागेचे नाव तिथेच कानावर पडते.