व्हिएन्नाच्या सूतिकागृहाचे दफ्तर

बादशहा दुसरा जोसेफ याच्या आज्ञेने १७८४ साली व्हिएन्ना शहरी जे विशाल सार्वजनिक रुग्णालय उघडले गेले, त्याच्या सूतिकागृहात निर्धन व निराधार स्त्रियांची बाळंतपणे होत आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्यांनी शिकाऊ वैद्यांकडून व सुईणींकडून आपली तपासणी होऊ द्यावी, असा तेथील रिवाज होता. किती स्त्रिया बाळंत झाल्या व किती दगावल्या, याची नोंद दफ्तरात पहिल्या वर्षापासून होत असे. परंतु दफ्तर ठेवणे निराळे आणि दफ्तर वाचणे निराळे, व ते वाचणारा माणूस येईपर्यंत साठ वर्षांहून अधिक काळ लोटला.

१८४० साली सरकारी हुकूम सुटला आणि सूतिकागृहाच्या दोन विभागांपैकी पहिला वैद्यकीच्या विद्यार्थ्यांकडे व दुसरा सुईणींकडे गेला. बाळंतिणी आळीपाळीने या वा त्या विभागात दाखल होत. शहर तेच, हवा तीच. असे असता १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० प्रसूतींमागे ४५९ मृत्यू झाले, तर दुसऱ्यात ३७५४ मागे अवघे १०५. गोरगरीब बायकांना हा हिशेब कोणी शिकवावा लागला नव्हता. आज पहिल्या विभागाचा वार आहे असे कळताच त्या हात जोडून, गुडघे टेकून दुसऱ्या विभागाची याचना करीत. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच रस्त्यात बाळंत होणाऱ्याही असत आणि नवल असे की, त्यांना सूतिकाज्वर क्वचितच होई. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असे आपल्याकडे म्हणतात. तो पुनर्जन्म तेथे वैद्यांच्या हातांपेक्षा रस्त्यावर अधिक सुलभ होता.

विद्वानांनी कारणे शोधली नव्हती असे नाही. कोणी दूषित हवेला दोष दिला, कोणी गर्दीला. पण गर्दी तर दुसऱ्या विभागातच अधिक होती. मरणोन्मुख स्त्रीला अखेरचा धर्मसंस्कार देण्यासाठी येणारा पाद्री घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जातो, त्या नादाच्या भीतीने बाळंतिणी ज्वराला बळी पडतात, असाही एक तर्क होता; पाद्र्याची वाट बदलली, घंटा थांबवली, मृत्यू थांबले नाहीत. चौकशी समितीने विदेशी विद्यार्थ्यांच्या आडदांड हातांवर ठपका ठेवून त्यांची संख्या घटवली. हातांपर्यंत तिचे बोट पोहोचले होते, पण ते भलत्याच दोषावर टेकले.

बुडा येथे जन्मलेला इग्नाझ सेमेलवाइस त्या वेळी प्राध्यापक क्लाइन यांचा साहाय्यक होता. १८४७ च्या मार्चमध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का हे, शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागल्याचे निमित्त होऊन वारले. त्यांच्या देहाच्या तपासणीत जी लक्षणे आढळली ती बाळंतिणींच्या प्रेतांत सेमेलवाइसने नित्य पाहिलेली होती. आणि सकाळी शवागारात काम करून तेच हात घेऊन प्रसूतिकक्षात जाणारे वैद्य कोण, हे सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. त्यांत तो स्वतःही होता. सुईणी शवविच्छेदन करीत नसत.

प्रेताचा वास साबणाने धुऊनही हातांना चिकटून राहतो, हे त्या विद्येतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तो वास घालवील ते द्रव्य विषही घालवील, अशा साध्या अनुमानाने त्याने मे महिन्यात क्लोरीनचे पाणी व पुढे स्वस्त पडते म्हणून क्लोरीनयुक्त चुन्याचे पाणी ठेवले आणि त्यात हात धुतल्यावाचून कोणी बाळंतिणीला स्पर्श करू नये असा दंडक घातला. एप्रिलात ३१२ प्रसूतींमागे ५७ मृत्यू होते. जूनमध्ये २६८ मागे ६. ऑक्टोबरात गर्भाशयाच्या कर्करोगाची एक स्त्री दाखल झाली. तिला तपासून पुढच्या खाटांकडे वळताना केवळ साबण वापरला गेला आणि तिच्यासवे बाळंत होणाऱ्या बाराजणींपैकी अकरा गेल्या. तेव्हापासून दर रुग्णामागे हात धुणे सक्तीचे झाले.

मग त्याने जुनी दफ्तरे उपसली. क्लाइन यांच्या पूर्वीचे प्राध्यापक बोएर प्रेतावर शिकवण्यास राजी नसत. त्यांच्या अखेरच्या वर्षी, १८२२ साली, शेकडा एकीलाही मृत्यू नव्हता, आणि क्लाइन येताच पुढल्याच वर्षी तो शेकडा सातांवर गेला. माझ्या मते सेमेलवाइसचे खरे कर्तृत्व चुन्याच्या पाण्यापेक्षा या रकान्यांच्या वाचनात आहे. मात्र तो लेखणीचा आळशी होता. त्याचा ग्रंथ १८६१ साली निघाला, आणि विरोधकांना खुनी म्हणण्याची त्याची भाषा त्याच्या पक्षाला मारकच ठरली. क्लाइन यांनी त्याची मुदत वाढवली नाही. १८५० साली तो पेस्टला निघून गेला आणि तेथील विद्यापीठाच्या सूतिकागृहात नीट न धुतलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या चादरींवरून पुन्हा कारभाऱ्यांशी भांडला. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात तो निवर्तला, तोही रक्तदोषानेच.

व्हिएन्नाच्या पहिल्या विभागात १८४८ साली, त्याचा दंडक चालू असताना, ३५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू झाले होते. तो गेल्यानंतरच्या चौथ्या वर्षी, म्हणजे १८५४ साली, त्याच दफ्तरात ४३९३ प्रसूती व ४०० मृत्यू अशी नोंद आहे.