पी. बाळू: स्कोअरबुकात न मावलेला माणूस

क्रिकेट क्विझमधला एक ठरलेला प्रश्न आहे. भारताची पहिली टेस्ट कधी आणि कुठे? उत्तर सगळ्यांना पाठ असतं: 1932, लॉर्ड्स, कॅप्टन सी. के. नायडू. बरोबर, घ्या मार्क. पण "भारताची टीम" म्हणून इंग्लंडला गेलेली पहिली टीम ही नव्हेच. ती गेली होती त्याच्या 21 वर्षं आधी, 1911 साली. आणि त्या टीमचा सगळ्यात भारी बॉलर होता एक मराठी माणूस, वय वर्षं 35, ज्याची क्रिकेटमधली पहिली नोकरी पीच झाडायची होती. पगार महिना 3 रुपये.

त्याचं नाव पालवणकर बाळू. स्कोअरकार्डवर "पी. बाळू". 'लगान'मधला कचरा आठवतो ना? अस्पृश्य म्हणून बाजूला उभा असलेला आणि भुवनने हाताला धरून आत आणलेला फिरकी बॉलर? तो सिनेमातला. हा खराखुरा होता, आणि याची गोष्ट एका सामन्यात संपत नाही. सिनेमात कसं, शेवटच्या ओव्हरीत सगळं मिटतं. इथे पन्नास वर्षं लागली आणि तरी मिटलं का, हा प्रश्न आहेच.

पालवणकर हे आडनाव रत्नागिरीकडच्या पालवण गावावरून आलेलं. बाळूचा जन्म मात्र 1876 सालचा, धारवाडचा. चांभार समाजातलं कुटुंब, वडील लष्करात. पुढे घर पुण्याला आलं आणि कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. आधी पारशी क्लबात पीच झाडणं, रोलर फिरवणं आणि कोणी म्हणालंच तर नेटमध्ये चार बॉल टाकणं. मग 1892च्या सुमारास पूना क्लब, म्हणजे युरोपियन लोकांचा क्लब. पगारवाढ झाली: महिना 4 रुपये!

पूना क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी होता. हॅम्पशायरकडून खेळलेला, हिंदुस्थानातला त्या काळचा नावाजलेला बॅट्समन. तो रोज इतरांच्या आधी तासभर यायचा आणि बाळूला बॉलिंग टाकायला लावायचा. असं सांगतात की आपल्याला आऊट केलं की प्रत्येक वेळी तो आठ आणे द्यायचा. हिशोब करून बघा, महिन्यात आठ वेळा ग्रेगला आऊट केलं की पगार वसूल. (यापेक्षा चांगली इन्सेंटिव्ह स्कीम आमच्या इंडस्ट्रीत तरी माझ्या पाहण्यात नाही :) )

अशी वर्षानुवर्षं, हजारो बॉल टाकून, बाळू डावखुरा स्लो बॉलर म्हणून घडला. पण त्या क्लबात त्याच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची, घाम नोकराने गाळायचा. आमच्या गोडदेवात रविवारी सकाळी टेनिस बॉलच्या मॅचेस चालतात तिथेही साधारण हाच नियम दिसतो. बॅट ज्याची, त्याची पहिली बॅटिंग. आणि जो पोरगा उशिरा येतो, ज्याच्याकडे स्वतःचं काहीच नसतं, त्याने फिल्डिंग करायची. फरक एवढाच की इथला पोरगा पुढच्या रविवारी बॅट घेऊन येऊ शकतो.

हा बॅटचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे परत येणार आहे.

तर, पुण्याच्या हिंदू टीमला पूना क्लबला हरवायचं होतं. आणि पूना क्लबच्या बॅट्समनना रोज आऊट करणारा माणूस त्यांच्यासमोरच होता. प्रश्न एकच, त्याच्याबरोबर खेळायचं कसं? टीममधल्या ब्राह्मणांची कुरकुर होती. शेवटी जिंकायची इच्छा विटाळाच्या भीतीवर मात करून गेली आणि बाळूला टीममध्ये घेतलं. पण तडजोड कशी झाली बघा. मैदानावर एकच बॉल सगळ्यांच्या हातातून फिरणार, त्याला हरकत नाही. टी टाइम झाला की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पिणार आणि बाळू बाहेर, टाकाऊ मातीच्या भांड्यातून. जेवायलाही वेगळा बसणार. तोंड धुवायचं असेल तर पाणी आणून देणाराही अस्पृश्यच.

म्हणजे बॉलला विटाळ नाही, कपाला आहे! एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असं लॉजिक कोणी लिहिलं असतं तर रिव्ह्यूमध्येच उडवलं असतं. समाजात मात्र असं लॉजिक पिढ्यान्पिढ्या प्रॉडक्शनमध्ये चालतं. त्या काळीही हे खटकणारी माणसं होतीच. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी म्हटलं होतं की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून चहा-जेवण घ्यायला काय हरकत आहे, अशी आठवण सांगितली जाते.

1896 साली प्लेगची साथ आली आणि पालवणकर कुटुंब मुंबईला आलं. मुंबईत क्रिकेट धर्मावर वाटलेलं होतं. भाईंदरहून चर्चगेटला रोज जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चर्नी रोड सुटलं की पश्चिमेच्या खिडकीतून ओळीने दिसतात ती हिंदू, इस्लाम आणि पारशी जिमखान्यांची मैदानं. त्यातला पारशी जिमखाना 1885चा, इस्लाम 1892चा आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना 1894चा. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना अर्थातच वेगळा. बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. पुढे रेल्वेत नोकरीही लागली. मुंबईने पुण्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकलं आणि जिमखान्यात त्याला इतरांच्या पंगतीत बसवलं.

फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला, बॉम्बे जिमखान्यावर. हिंदू 242 आणि 160, युरोपियन 191 आणि 102. हिंदू 109 रन्सनी जिंकले. बाळूच्या विकेट्स दोन्ही डावांत मिळून आठ. शिवरामही टीममध्ये होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने या विजयाचा संबंध थेट जातीच्या भिंती पडण्याशी जोडला. पुण्याने बरोबर खेळवलं, मुंबईने बरोबर जेवायला बसवलं, आता देशाने पुढचं पाऊल टाकावं, असा एकूण सूर. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं ते कोणाच्या जोरावर, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आणि मग 1911. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचं वर्ष. इंग्लंडला गेलेल्या "ऑल इंडिया" टीममध्ये पारशी, हिंदू, मुसलमान असे सगळे होते आणि कॅप्टन होता पतियाळाचा महाराजा भूपिंदर सिंग, वय वर्षं 19. याआधी 1886 आणि 1888 मध्ये पारशांच्या टीम्स इंग्लंडला जाऊन आल्या होत्या, पण सगळ्यांची मिळून अशी ही पहिलीच. महाराजा फार थोड्या मॅचेस खेळला. पार्ट्या आणि दरबारी कामं बरीच होती. टीमची कामगिरी तशी बेताचीच. एकूण 23 मॅचेस, त्यातल्या जिंकल्या 6, हरल्या 15.

पण बाळूचे आकडे बघा. दौऱ्यात 114 विकेट्स, ॲव्हरेज 19 च्या आत. केंब्रिज युनिव्हर्सिटीविरुद्ध एका डावात 103 रन्समध्ये 8. लेस्टरशायरला हरवलं त्या मॅचमध्ये 11. आणि सॉमरसेटविरुद्धची मॅच टीमने एक विकेट राखून जिंकली, ती शिवरामच्या नाबाद 113 वर. म्हणजे पहिल्या "राष्ट्रीय" टीमने काउंटी टीम्सविरुद्ध मिळवलेल्या या दोन्ही विजयांत एकेक पालवणकर उभा आहे. वय 35, दुखरा खांदा आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेली इंग्लंडची पीचेस. हेच दहा वर्षं आधी झालं असतं तर? असो.

परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला. त्यातलं मानपत्र लिहिण्यात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाचा हात होता असं नोंदलेलं आहे. त्या तरुणाचं नाव भीमराव आंबेडकर.

आता कॅप्टनशिपची गोष्ट. इंग्लंडच्या दौऱ्यानंतर हिंदू टीममध्ये बाळूइतका अनुभवी माणूस दुसरा कोणी नव्हता. पण कॅप्टन झाले एम. डी. पै. पैंचा मोठेपणा असा की 1913 साली स्वतःच्या सत्कारातच ते म्हणाले, हा मान खरं तर माझ्या मित्राचा, बाळूचा होता. मान्य सगळ्यांना होतं, होत मात्र काही नव्हतं.

1920 साली ते टोकाला गेलं. बाळूला टीममधून वगळलं. पै आजारी पडल्यावर कॅप्टनशिप धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे, यायला हवी होती. विठ्ठल तोवर त्या टीमचा उत्तम बॅट्समन होता. कमिटीने निवडलं पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांना. देवधर मोठे खेळाडू होतेच, पुढे त्यांच्या नावाने ट्रॉफीही आली, प्रश्न त्यांच्या लायकीचा नव्हता. प्रश्न होता की रांगेत पुढे उभा असलेल्या माणसाला दर वेळी मागे का जावं लागतं. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर पत्रक काढून टीममधून अंग काढून घेतलं. निवड खेळावर करा, जातीवर नको, एवढंच त्यांचं म्हणणं. हा बहिष्कार लोकांनी उचलून धरला. त्याच वर्षाच्या शेवटी नागपूर काँग्रेसमध्ये गांधीजी सांगत होते की अस्पृश्यता गेल्याशिवाय स्वराज्य नाही. मुंबईच्या मैदानावर त्याचं प्रात्यक्षिक सुरू होतं.

तडजोड निघाली. फायनलला पै कॅप्टन, बाळू व्हाइस कॅप्टन, भाऊ परत टीममध्ये. मॅच चालू असताना पै मैदानाबाहेर गेले आणि त्या वेळापुरतं नेतृत्व बाळूकडे आलं. तेव्हा तो 44 वर्षांचा होता. पुढे 1923 मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि त्याच्या टीमने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. विठ्ठलने हे सगळं 'माझे क्रीडा-जीवन' या मराठी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

मला या सगळ्यात अडकवतो तो मेरिटचा मुद्दा. आमच्या क्षेत्रात जेवणाच्या टेबलावर हा विषय दर थोड्या दिवसांनी निघतोच. गुणवत्ता असेल तर ती दिसतेच, बाकी सगळं राजकारण, असं आपण छातीठोक म्हणतो. बाळूची गुणवत्ता दिसत नव्हती का? लख्ख दिसत होती, छापून येत होती. म्हणूनच त्याला बॉल मिळाला. विकेट मोजता येते, तिथे कोणाला वाद घालता येत नाही. कॅप्टनशिप मोजता येत नाही. तिथे "विश्वास", "टीम सांभाळणं", "अनुभव" असले शब्द येतात आणि त्या शब्दांच्या आड जात आरामात बसू शकते. मोजता येणारं काम त्याला मिळालं, न मोजता येणारा अधिकार नाही.

आणि आता ती बॅट. फर्स्ट क्लास रेकॉर्ड काढून बघितलं तर 33 मॅचेस, 179 विकेट्स, ॲव्हरेज 15.21. बॉलर म्हणून जबरदस्त, बॅट्समन म्हणून साधारण. पण ज्याला उमेदीच्या वर्षांत साहेबांना हजारो बॉल टाकायला लावले आणि बॅट हातात दिली नाही, त्याची बॅटिंग साधारण होती हे वाक्य अर्धवट आहे. आकडे खोटं बोलत नाहीत हे खरं, पण ज्याची संधीच दिली नाही त्याचा आकडा तयारच होत नाही.

त्याचं पुढचं आयुष्य सरळ रेषेत बसवता येत नाही. 1932 मध्ये पहिली टेस्ट झाली तेव्हा तो 56 वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात झालेल्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत "पी. बाळू" हे नाव आहे. 1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला उभं केलं ते थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात. आंबेडकरांना 13,245 मतं, बाळूला 11,225. ज्याच्या मानपत्राला त्या तरुणाचा हात लागला होता, तोच आता त्याच्यासमोर उमेदवार म्हणून उभा! कोणाला यात काँग्रेसची चाल दिसते, कोणाला गांधींच्या वाटेवरचा बाळूचा प्रामाणिक विश्वास. माझ्या मते दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हिंदू टीमच्या आत राहून, कामगिरी करून जागा मिळवायची ही त्याची आयुष्यभराची पद्धत होती. आंबेडकरांना तोवर कळून चुकलं होतं की अशी जागा दर वेळी दुसऱ्याच्या मर्जीने मिळते. दोघांचे अनुभव खरे होते, निष्कर्ष वेगळे निघाले.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूचं निधन झालं. तोवर भारताने टेस्ट मॅच जिंकली होती, घटनेने अस्पृश्यता रद्द केली होती आणि धर्मावर वाटलेल्या टीम्सच्या जुन्या स्पर्धेचे दिवस संपले होते.

क्विझमध्ये 1932 हेच उत्तर राहील, मार्क त्यालाच मिळतील. हरकत नाही. पण पुढच्या वेळी कोणी "खेळात जात कुठे असते" म्हणालं, तर वाद न घालता एवढंच विचारा: पी. बाळूला कॅप्टन का नाही केलं? उत्तर द्यायला समोरच्याला थोडा वेळ द्या.