भूचुंबकीय वेधशाळा, कुलाबा व अलिबाग

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मूल्य व त्यात होणारे बदल यांची नियमित नोंद ठेवणाऱ्या पश्चिम भारतातील दोन वेधशाळा. पहिलीचे चुंबकीय कार्य मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाशी कुलाबा येथे १८४१ मध्ये सुरू झाले व १९०६ मध्ये थांबले. दुसरी मुंबईच्या दक्षिणेस सु. ३० किमी. अंतरावर अलिबाग (तत्कालीन कुलाबा जिल्हा, आता रायगड) येथे १९०४ मध्ये सुरू झाली. स्थळे दोन असली, तरी नोंदींच्या दृष्टीने हे कार्य एकच मानले जाते. १८४६ पासूनची ही नोंदमाला कमी अक्षांशाच्या प्रदेशांतील सर्वांत दीर्घ मालांपैकी एक आहे. कुलाब्याचे काम अलिबागला हलविण्याचे कारण विद्युत् व चुंबकत्व यांच्या परस्परसंबंधातच होते. त्यामुळे या वेधशाळांचा इतिहास म्हणजे त्या संबंधाचे एक बोलके उदाहरण होय.

मूलतत्त्वे : पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे, असे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये प्रतिपादन केले होते, परंतु विद्युत् व चुंबकत्व या दोन स्वतंत्र बाबी आहेत, ही समजूत त्यानंतर दोन शतके टिकली. १८२० मध्ये कोपनहेगन येथे हॅन्स क्रिश्चन ओर्स्टेड यांना, विद्युत् प्रवाह वाहत असलेल्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची आपल्या दिशेपासून ढळते, असे आढळून आले. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे यावरून सिद्ध झाले. लांब व सरळ तारेच्या बाबतीत हे क्षेत्र प्रवाहाच्या सम प्रमाणात व तारेपासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. उदा., १०० अँपिअर प्रवाहामुळे १०० मी. अंतरावर २०० नॅनोटेस्ला, तर १ किमी. अंतरावर २० नॅनोटेस्ला क्षेत्र निर्माण होते. जाणारा व परतणारा प्रवाह वाहून नेणाऱ्या तारा शेजारीशेजारी असल्यास त्यांची क्षेत्रे विरुद्ध दिशांची असल्यामुळे दूरच्या बिंदूपाशी परस्परांना जवळजवळ नाहीशी करतात.

याच्या उलट परिणाम १८३१ मध्ये मायकेल फॅराडे यांनी शोधून काढला. बंद मंडलातून जाणारा चुंबकीय स्रोत बदलत असेल, तर त्या मंडलात विद्युत् प्रवाह निर्माण होतो. स्थिर क्षेत्राने हे घडत नाही. बदल आवश्यक असतो. या परिणामाला विद्युत् चुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

स्थापना व कार्य : कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी १८३२ मध्ये भूचुंबकीय क्षेत्राची तीव्रता निरपेक्ष एककांत मोजण्याची रीत दिली व व्हिल्हेल्म वेबर यांच्या सहकार्याने निरनिराळ्या देशांत एकाच वेळी वेध घेण्याची योजना आखली. तिच्या प्रेरणेने एडवर्ड सॅबिन प्रभृतींच्या प्रयत्नांमुळे ब्रिटिश सत्तेखालील प्रदेशांत १८३९ नंतर अनेक भूचुंबकीय वेधशाळा निघाल्या. कुलाब्यास ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली होती व जहाजांना अचूक वेळ पुरविणे हा तिचा मुख्य हेतू होता. १८४१ मध्ये तेथे चुंबकीय वेध घेण्यास प्रारंभ झाला. ‘दर्पण’ पत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, तर गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथे साहाय्यक म्हणून काम केले.

आरंभी हे वेध डोळ्यांनी घेतले जात. बारीक धाग्याने टांगलेल्या चुंबकाला आरसा जोडलेला असे व त्यात दिसणाऱ्या मोजपट्टीच्या प्रतिमेवरून चुंबकाचे सूक्ष्म वळण दुर्बिणीतून वाचले जाई. या भागात क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सु. ३८,००० नॅनोटेस्ला असून शांत दिवशी त्यात होणारा दैनंदिन बदल काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो. वातावरणाच्या वरच्या थरांतून वाहणारे विद्युत् प्रवाह हे या बदलाचे कारण असावे, अशी कल्पना बाल्फोर स्ट्यूअर्ट यांनी १८८२ मध्ये मांडली व ती पुढे खरी ठरली. म्हणजेच कुलाब्याचा निरीक्षक ओर्स्टेड यांचाच प्रयोग पाहत होता. मात्र त्यातील ‘तार’ भूपृष्ठापासून सु. १०० किमी. उंचीवर होती.

१८५९ चे चुंबकीय वादळ : १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांच्या एका समूहापाशी तीव्र प्रकाशाचा उद्रेक दिसला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. कुलाब्याच्या नोंदींत क्षितिजसमांतर घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे सु. चार टक्क्यांनी, घटलेला आढळतो. या वादळात बदलत्या क्षेत्रामुळे जमिनीत व तारायंत्राच्या तारांत प्रवाह प्रवर्तित झाले. अमेरिकेत बॉस्टन व पोर्टलंड यांमधील तारमार्गावर तर विद्युत् घटमाला काढून ठेवून केवळ या प्रवाहावर काही काळ संदेशवहन करण्यात आले. फॅराडे यांचे तत्त्व येथे खंडव्यापी प्रमाणावर प्रत्ययास आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनलेखात कुलाब्याच्या या नोंदींचे नव्याने विश्लेषण करण्यात आले, तेव्हा त्यांच्याकडे जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. इतक्या मोठ्या घटीला कोणते प्रवाह कारणीभूत होते याविषयी मतभेद असले, तरी त्या वादळाचे मान ठरविण्यासाठी कुलाब्याची नोंद हा प्रमुख आधार आहे.

ट्रामगाड्यांचा प्रश्न : मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. त्या विजेवर चालविण्याची योजना विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आली, तेव्हा वेधशाळेपुढे गंभीर प्रश्न उभा राहिला. विजेच्या ट्रामगाडीला वरच्या एकाच तारेतून एकदिश प्रवाह मिळतो व तो रुळांवाटे विद्युत् केंद्राकडे परततो. रूळ जमिनीपासून पूर्णपणे निरोधित नसल्यामुळे परतीच्या प्रवाहाचा काही भाग जमिनीत झिरपतो व दूरवर पसरतो. त्यामुळे जाणाऱ्या व येणाऱ्या प्रवाहांच्या क्षेत्रांचा समतोल बिघडून काही किलोमीटरपर्यंत चुंबकीय क्षोभ जाणवतो. गाड्या सुरू होताना व थांबताना हा प्रवाह सतत कमीजास्त होतो. प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा सेकंदास अनेक वेळा पालटत असल्याने जड चुंबकावर त्याचा सरासरी परिणाम नगण्य असतो. एकदिश प्रवाहाचा तसा नसतो.

या अडचणीवर यंत्रात सुधारणा करून मात करणे शक्य नव्हते. चुंबकाला केवळ क्षेत्र कळते. ते आकाशातील प्रवाहाचे आहे की रस्त्यावरील रुळांतील, हा भेद त्याला करता येत नाही. ज्या गुणधर्मामुळे तो वेधासाठी उपयुक्त ठरला, त्याच गुणधर्मामुळे तो शहरात निरुपयोगी ठरणार होता. अन्यत्रही हेच घडले. कॅनडात टोराँटोची चुंबकीय वेधशाळा १८९८ मध्ये ॲजिनकोर्ट येथे हलविण्यात आली. लंडनजवळील क्यू येथील चुंबकीय कार्यासाठी स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे १९०८ मध्ये नवी वेधशाळा सुरू झाली.

स्थलांतर : १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झालेले नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे या पदावरील पहिले भारतीय होत. त्यांच्या कारकीर्दीत अलिबाग हे स्थळ निवडण्यात आले. कोकणात सर्वत्र आढळणाऱ्या काळ्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. म्हणून इमारतीसाठी चुंबकीय नसलेला पोरबंदरी दगड वापरण्यात आला व लोखंडाऐवजी पितळ, तांबे व लाकूड यांचा उपयोग करण्यात आला.

जागा बदलली की क्षेत्राचे मूल्यही बदलते. जुनी नोंद एके दिवशी थांबवून नवी दुसऱ्या दिवशी सुरू केली असती, तर माला मध्येच तुटली असती व सूर्यामुळे झालेला बदल आणि स्थळामुळे झालेला बदल यांची फोड करता आली नसती. हे टाळण्यासाठी १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले व त्यांतील फरक निश्चित करण्यात आला. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्रामगाडी धावू लागली, तेव्हा कुलाब्याचे चुंबकीय कार्य थांबलेले होते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी व त्यांचे विवेचन १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळांच्या सरासरी स्वरूपाचा त्यांतील अभ्यास या विषयातील पायाभूत कार्यांत गणला जातो.

महत्त्व : १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे अलिबाग वेधशाळेचे कार्य आले. मुंबईतील ट्रामगाड्या १९६४ मध्ये बंद झाल्या. पण ज्या विद्युतीकरणामुळे वेधशाळेला शहर सोडावे लागले, त्या विद्युतीकरणालाच आता या नोंदींची गरज भासते. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळामुळे लांब प्रेषण मार्गांत प्रवर्तित झालेल्या प्रवाहांनी कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सु. नऊ तास बंद पाडला. अशा संकटाची कमाल मर्यादा किती असू शकते, याचा अंदाज बांधताना १८५९ ची कुलाब्याची नोंद विचारात घ्यावी लागते. ती नोंद करणाऱ्यांना प्रेषण मार्गांची कल्पना नव्हती. वेळच्या वेळी मोजपट्टी वाचून आकडे लिहून ठेवणे एवढेच त्यांचे काम होते. [⟶ भूचुंबकत्व, विद्युत् चुंबकीय प्रवर्तन].