तळटीप : डोळ्यात फूल पडणे

‘फूल’ म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, झालेली जखम भरल्यावर मागे राहणारा पांढुरका डाग. मोतीबिंदू वेगळा, तो आतल्या भिंगात होतो. सेलूसारख्या कापूस-तुरीच्या तालुक्यात पऱ्हाटीचा काटकुटा डोळ्याला लागणे नेहमीचे, आणि अशा जखमेतून बुरशी शिरते. पण दुखले नाही म्हणून डोळ्याच्या जखमेकडे दुर्लक्ष झाले, हा मूळ मजकुरात आलेला तपशील वाचकाने निसटू देऊ नये. मला त्यात टाइप २ मधुमेहाची शक्यता दिसते. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू मात्र अतिशय दाट असतात. म्हणूनच एरवी धुळीचा कणसुद्धा सहन होत नाही. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की हे तंतू विरळ होतात. पायाची आग किंवा बधिरता ज्या कारणाने येते, तेच इथेही घडते. संवेदना मंदावते, पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळा कोरडा पडतो. वरचा पापुद्रा खालच्या थराला घट्ट धरून राहत नाही, सहज सोलवटतो आणि भरायला वेळ लावतो. मधुमेह्याच्या डोळ्याची तपासणी म्हणजे फक्त पडद्यामागचा पडदा, रेटिना, असे आपण धरून चालतो. समोरची ही काच राहून जाते. सेवाग्रामला १९६९पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेलूहून ते दूर नाही. डोळ्याला काही लागले तर दुखण्याची वाट न पाहता तिथे जावे. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत, बुरशी असेल तर ती त्यांनी फोफावते.