आवाजाचे बिऱ्हाड

सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, असे आपले वाडवडील सांगत आले. बाणाचे काही असो, शब्दाच्या बाबतीत मात्र ही म्हण १८७७ साली खोटी पडली. त्या वर्षी अमेरिकेत टॉमस एडिसन याने कथलाच्या वर्खावर आपला आवाज उमटवला आणि तो पुन्हा ऐकवून दाखवला. त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली.

आज तुमच्या शाळेतले गुरुजी मुलांच्या कविता संगणकावर ध्वनिमुद्रित करतात. गावची भजनी मंडळी पखवाज वेगळा, टाळ वेगळे, पेटी वेगळी असे मुद्रण करून घरच्या घरी अभंग तयार करतात. चुकलेली ओळ कापायची, चांगली ओळ जोडायची, हे काम आता आठवी-नववीतली पोरेसुद्धा करतात. आणि मग एके दिवशी तोच संगणक विचारतो, "नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का?"

आता हो म्हणावे की नाही? प्रश्न आजचा वाटतो, पण तो फार जुना आहे. आजवर आवाजाचे बिऱ्हाड पुष्कळदा हलले. प्रत्येक वेळी नव्या घरात काय मिळाले आणि जुन्या घरात काय राहून गेले, एवढे पाहिले की उत्तर सापडायला वेळ लागत नाही. चला तर, तेच पाहू.

एडिसनच्या यंत्रात आवाज नळकांड्यावर उमटत असे. १८८७ साली एमिल बर्लिनर याने नळकांडे सोडून सपाट तबकडी घेतली आणि ग्रामोफोन जन्माला आला. १९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला व त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. ते काम कसे चालत असेल, डोळ्यांपुढे आणा. मायक्रोफोन नाही. समोर एक मोठा कर्णा. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन खड्या आवाजात गायचे. पलीकडे सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढत जाते. वेळ काय ती तीन मिनिटांच्या आसपास. तासभर रंगणारा राग तेवढ्यात आटपायचा. आणि चुकले तर? तर ते मेण बाजूला सारायचे आणि पहिल्यापासून पुन्हा गायचे. तिथे कापाकापी नाही, जोडाजोड नाही.

१९२५ साली विजेवरचे मुद्रण आले. कर्णा गेला, मायक्रोफोन आला, आणि हलक्या आवाजातली नाजूक जागाही तबकडीवर उतरू लागली. सुधारणा मोठी, पण तबकडीचा घाट तोच राहिला. त्यामुळे जुन्या तबकड्या नव्या यंत्रावरही वाजत राहिल्या. ज्यांनी हौसेने एडिसनची नळकांडी जमवली होती, त्यांची मात्र पंचाईत झाली. १९२९ साली एडिसनच्या कंपनीने ध्वनिमुद्रिका काढण्याचे कामच बंद केले. नळकांडे धड, त्यावरचा आवाज धड, पण वाजवायचे कशावर? घर शाबूत असून किल्ली हरवावी, तशातली ही गत. हा या इतिहासातला पहिला धडा.

आवाजावर खरी कात्री चालली ती चुंबकीय फितीमुळे. जर्मनीत १९३५ साली मॅग्नेटोफोन नावाचे फितीचे यंत्र लोकांपुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकाने अशी दोन यंत्रे आणि फितीची पन्नास रिळे मायदेशी नेली. १९४७ साली गायक बिंग क्रॉस्बी याने आपला रेडिओवरचा कार्यक्रम फितीवर मुद्रित करण्यास सुरुवात केली. का? तर फीत ब्लेडने कापता येते आणि चिकटपट्टीने जोडता येते. अडखळलेले वाक्य काढून टाका, दोन टोके जुळवा, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. रेडिओ केंद्रांतून पुढे कित्येक वर्षे हेच ब्लेड आणि हीच चिकटपट्टी चालली. तिथे एक मात्र होते. चुकीच्या ठिकाणी ब्लेड चालले की शब्दाचे शेपूट गेलेच. म्हणून कापणारा आधी दहा वेळा ऐके आणि मग एकदा कापी.

घरी बसून संगीत तयार करण्याची वाट ज्यांनी रुळवली, त्यांत लेस पॉल हा अमेरिकन गिटारवादक पहिल्या ओळीत बसतो. हा गृहस्थ आपल्या मोटारीच्या गॅरेजमध्ये मुद्रण करीत असे. एका तबकडीवर गिटार मुद्रित करायची, ती वाजवत ठेवून तिच्या जोडीला दुसरी गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायच्या. असे थरावर थर. १९४९ साली बिंग क्रॉस्बीने त्याला फितीचे यंत्र भेट दिले. लेस पॉलने त्याला वाचणारा एक जादा भाग बसवून घेतला, आणि एकाच फितीवर जुना थर ऐकत, त्यात नवा मिसळत तो पुढे जाऊ लागला. १९५१ साली त्याची व त्याची पत्नी मेरी फोर्ड हिची अशी बहुथरी गाणी अमेरिकेत घरोघर वाजत होती.

पण या युक्तीत एक धोका दडलेला होता. नवा थर घालताना जुना थर पुसला जाई. सातव्या थराला हात चुकला, की आधीचे सहाही गेले! या एका दुखण्यापायी प्रत्येक वाद्याला फितीवर स्वतःची वाट हवी, असा त्याने ध्यास घेतला, आणि १९५७ साली आठ वाटांचे यंत्र त्याच्या घरी आले. आज संगणकाच्या पडद्यावर तुम्हाला एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात ना? पखवाजाची एक, टाळांची एक, आवाजाची एक? त्यांचे मूळ इथे आहे.

ही चैन सामान्य माणसाच्या घरात आली ती कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली लहान कॅसेट काढली. १९७९ साली टॅस्कॅम कंपनीने त्याच कॅसेटवर चार वाटा देणारे एक पेटीवजा यंत्र बाजारात आणले. १९८२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन या नामवंत गायकाने अशा यंत्रावर घरी कच्ची गाणी मुद्रित केली. पुढे मोठ्या स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण घरच्या मुद्रणातला जीव त्यांत येईना. शेवटी घरची कॅसेटच ध्वनिमुद्रिका म्हणून छापली गेली. साधन लहान असले म्हणून काम लहान ठरत नाही, याचा हा रोकडा पुरावा.

यानंतर आवाज संगणकात राहायला गेला. संगणक आवाजाला आकड्यांत मोजतो. १९८२ साली आलेल्या सीडीच्या मापाने एका सेकंदात ४४,१०० वेळा. एकदा आवाजाचे आकडे झाले, की त्यांची नक्कल कितीही वेळा करा, कस उतरत नाही. १९८९ सालच्या साउंड टूल्स या संचाने व १९९१ सालच्या प्रो टूल्सने पडद्यावर आवाज कापण्याची सोय व्यावसायिकांना दिली. गोरगरिबांचा वाली म्हणावा असा प्रोग्राम म्हणजे ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ साली तो करायला घेतला आणि २००० साली तो सर्वांना फुकट मिळू लागला. ब्लेड चुकले की शब्द गेला, हे भय संपले. चूक झाली? एक कळ दाबा, कापलेले जसेच्या तसे परत!

इथवर सारे छान. पण बिऱ्हाड हलवण्याची कटकट मात्र वाढली. तबकडीचे घर पन्नास वर्षे टिकले. संगणकाच्या जगात दर दोन-चार वर्षांनी मालक घर बदला म्हणतो!

ऑडॅसिटीचेच उदाहरण घ्या. २०२१ सालच्या मार्चपर्यंत त्यातले काम दोन जागी राहत असे. एक लहानशी फाइल, आणि तिच्या शेजारी आवाजाच्या असंख्य तुकड्यांनी भरलेला फोल्डर. लहान फाइल म्हणजे नुसती यादी. खरा माल फोल्डरमध्ये. कोणी घाईत फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली, की हाती यादी आली आणि कोठार मागेच राहिले. तिसऱ्या आवृत्तीने हे दोन्ही एकाच फाइलमध्ये आणले. फार चांगले झाले. पण नव्यात केलेले काम जुन्या आवृत्तीत उघडत नाही. जुने नव्यात उघडते, नवे जुन्यात नाही. म्हणजे शाळेच्या संगणकावर जुनी आवृत्ती आणि घरच्या संगणकावर नवी असेल, तर घरी केलेले काम शाळेत मुके! २०२२ साली आणखी एक सुधारणा झाली. घुमारा किंवा तसला संस्कार आधी आवाजात कायमचा मिसळावा लागे; आता तो वरून लावून ऐकता येतो आणि नको असेल तर काढताही येतो. अशा सोयीसाठी नवी आवृत्ती घ्यावी, जरूर घ्यावी.

दुसरीकडे पाहा. २०१७ साली केकवॉक या जुन्या, नावाजलेल्या प्रोग्रामचे काम त्याच्या मालक कंपनीने बंद केले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने तो उचलला म्हणून बरे. २०१९ साली ॲपलच्या संगणकाची नवी प्रणाली आली आणि जुन्या पद्धतीची कित्येक जोड-साधने एका रात्रीत निकामी झाली. म्हणजे नवे घेतले तरी धोका, न घेतले तरी धोका. जुन्याला चिकटून बसलात, तर एक दिवस संगणकच बसतो आणि नव्या संगणकावर जुना प्रोग्राम चालत नाही.

याची चिंता आपण का करावी, असे कोणी म्हणेल. त्याला मी जात्यावरच्या ओव्यांकडे बोट दाखवीन. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने कित्येक ओव्या गायिकांच्या आवाजात मुद्रित झाल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती बंद पडली, कितीतरी गायिका काळाआड गेल्या. तरी २०१७ सालापासून 'पारी' या इंटरनेटवरच्या ग्रामीण संग्रहात त्या ओव्या ऐकायला मिळू लागल्या. का? तर कोणीतरी प्रत्येक वेळी बिऱ्हाड हलवताना सामान मोजून नेले. तुमच्या गावच्या आजीची ओवी, वासुदेवाचे गाणे, शाहिराची डफावरची थाप यांचे सामान मोजणारे तुम्हीच.

म्हणून गुरुजनहो, मित्रहो, चार गोष्टी गाठीला बांधा. काम अर्धे असताना आवृत्ती बदलू नका. चालू काम हातावेगळे करा, मग बदला. बदलण्यापूर्वी प्रत्येक पट्टी पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत स्वतंत्र वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. वेव्ह फाइल कोणत्याही प्रोग्रामात उघडते. एमपीथ्री फाइल आटोपशीर खरी, पण ती झाली दळण. पाठवायला ठीक, पण पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. बियाणे म्हणून वेव्हच ठेवायची. सीडीच्या मापाने तिला मिनिटाला साधारण दहा एमबी जागा लागते, ती खुशाल द्या. तिसरी गोष्ट, नव्या आवृत्तीत मूळ काम न उघडता त्याची नक्कल उघडून पाहा. चौथी, दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. एका घराला आग लागली तरी दुसरी वाचते.

आणि एक शेवटचे. गौहरजान गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगत असे, बरं का! तबकड्या छापायला जर्मनीत जात, आणि हे गाणे कोणाचे ते तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून. ही युक्ती आजही जुनी झालेली नाही. मुद्रण संपले की गाणाऱ्याला त्याचे नाव, गाव आणि तारीख बोलायला सांगा. फाइलचे नाव बदलेल, प्रोग्राम बदलेल, संगणक बदलेल. आवाजातच सांगितलेले नाव मात्र आवाजाबरोबर नव्या घरी जाईल.